पहिल्या वर्षाचा निबंध : नियम, चुका आणि अपेक्षा

१

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी एक अभ्यासक्रम जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला पुरा करावा लागतो. पुढे तो अभियंता होणार असो, परिचारिका होणार असो की इतिहास शिकणार असो, लेखनाचा हा वर्ग त्याला चुकत नाही. 'फर्स्ट-इयर कॉम्पोझिशन' हे त्याचे जुने नाव. अलीकडे 'फर्स्ट-इयर रायटिंग' असेही म्हणतात. साहित्य शिकवणे हा त्याचा मुख्य हेतू नाही आणि व्याकरण शिकवणे हाही, निदान कागदावर, नाही. इतरांचे लेखन वाचून, त्याच्याशी वाद घालत, पुराव्यानिशी स्वतःचे म्हणणे मांडता यावे यासाठी तो असतो.

या वर्गाच्या पहिल्या तासाला शिक्षक विद्यार्थ्यांच्या हाती एक दस्तऐवज देतो. त्याला तिकडे 'सिलॅबस' म्हणतात. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने ठरवलेली प्रकरणांची आणि गुणांची यादी. ती शिक्षकालाही वरून आलेली असते. तिकडचा सिलॅबस विभागाने आखलेल्या चौकटीत शिक्षक स्वतः लिहितो. किती तास बुडवलेले चालतील, निबंध उशिरा दिला तर श्रेणी किती उतरेल, कच्चा खर्डा केव्हा आणायचा, वर्गमित्राच्या खर्ड्यावर अभिप्राय कसा लिहायचा, शिक्षकाला त्याच्या खोलीत कोणत्या वेळी भेटता येईल, अपंग विद्यार्थ्यांसाठी कोणती सोय आहे, दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दिला तर काय होईल, हे सारे त्यात असते. गेल्या काही वर्षांत यंत्राकडून लिहून घेण्याबद्दलचा परिच्छेदही त्यात आला आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या कागदाकडे का पाहावे? कारण तोही एक लेखनप्रकार आहे. त्याला निवेदक आहे, गृहीत धरलेला वाचक आहे, आणि त्यात सांगितलेले आणि न सांगितलेले असे दोन थर आहेत. हजेरी, मुदत, पानांचा समास, संदर्भ देण्याची पद्धत याबाबत हा कागद काटेकोर असतो. पण चांगला निबंध म्हणजे काय, स्वतःचे म्हणणे कशाला म्हणायचे, किती धीटपणे बोलायचे आणि कोणाचा मान राखून, या प्रश्नांपाशी त्याची भाषा एकाएकी सैल होते. 'विचारपूर्वक', 'स्पष्ट', 'प्रभावी' अशी विशेषणे येतात आणि परिच्छेद संपतो. ज्याच्या घरी दोन पिढ्या पदवीधर आहेत त्याला ही विशेषणे कळतात, कारण त्यांचा अर्थ त्याने जेवणाच्या टेबलावर ऐकलेला असतो. बाकीच्यांना नियम कळतात, अपेक्षा कळत नाही. या लेखात मला दाखवायचे आहे ते हे की, ही फट एखाद्या शिक्षकाच्या आळसामुळे पडलेली नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात सांगता न येणाऱ्या अपेक्षेची जागा वेळोवेळी मोजता येणाऱ्या चुकीने घेतली आहे.

२

चार्ल्स विल्यम एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. विद्यार्थ्याने आपले विषय स्वतः निवडावेत या मताचे ते होते, आणि चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी जुने सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले. १८७२ मध्ये त्यांनी ॲडम्स शर्मन हिल यांना बोलावून घेतले. हिल हे कायदा शिकलेले आणि वृत्तपत्रात काम केलेले गृहस्थ होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्याचा मजकूर दुरुस्त करणारी नजर त्यांच्यासोबत वर्गात आली.

१८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधाची अट घातली. निबंधाचे विषय आधी जाहीर केलेल्या पुस्तकांतून निघत. पहिल्या यादीत शेक्सपिअरची तीन नाटके, स्कॉटची 'आयव्हॅन्हो' आणि गोल्डस्मिथची 'व्हिकार ऑफ वेकफिल्ड' ही पुस्तके होती. निबंध लहान असावा आणि शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व शब्दयोजना यांत निर्दोष असावा, अशी अपेक्षा होती. या अटीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. 'व्हिकार ऑफ वेकफिल्ड' वाचून मुलाला काय वाटले, त्याने काय नवे पाहिले, याबद्दल तीत जवळजवळ काही नाही. पुस्तक हे निमित्त, निर्दोषपणा ही कसोटी. श्रीमंत खासगी शाळांतून आलेली मुलेसुद्धा या परीक्षेत मोठ्या संख्येने घसरली.

प्रवेशापूर्वी काम होत नाही म्हटल्यावर ते प्रवेशानंतर करणे भाग पडले. १८८५ मध्ये 'इंग्लिश ए' हा लेखनाचा वर्ग पहिल्या वर्षाला सक्तीचा झाला. शतक संपण्याच्या सुमारास परिस्थिती अशी होती की, विषयनिवडीच्या स्वातंत्र्यासाठी नावाजलेल्या या विद्यापीठात सर्वांना सक्तीचा राहिला तो मुख्यतः हा एकच विषय. इतर अनेक महाविद्यालयांनी हाच नमुना उचलला.

हार्वर्डच्या व्यवस्थापनाने नेमलेल्या एका समितीने १८९२ मध्ये या लेखनाबद्दल अहवाल दिला. समितीतील तिन्ही गृहस्थ, म्हणजे चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स, 'द नेशन'चे संपादक ई. एल. गॉडकिन आणि जोसाया क्विन्सी, लेखन शिकवणारे नव्हते. त्यांनी विद्यार्थ्यांचे निबंध पुरावा म्हणून छापले, दोष माध्यमिक शाळांवर टाकला आणि असले प्राथमिक काम विद्यापीठाने करू नये असा सूर लावला. त्या छापलेल्या निबंधांतली मुले आपल्या शाळेत इंग्रजी कसे शिकवले गेले याची हकिगत सांगत होती. समितीने ती हकिगत ऐकण्यापेक्षा तिच्यातले दोष जास्त पाहिले.

असे का व्हावे? त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. शेकडो मुले, आठवड्याला शेकडो निबंध, आणि तपासणारे मोजके. अशा वेळी मुद्द्यातला कच्चा दुवा शोधण्यापेक्षा चुकलेला स्वल्पविराम शोधणे सोपे असते, आणि चूक मोजली की श्रेणीवरचा वादही मिटतो. लाल शाईमागे शिक्षकाचा खडूसपणा क्वचितच असतो. बहुधा कामाचा डोंगर असतो.

३

या व्यवस्थेतून गेलेल्या एका विद्यार्थ्याची साक्ष महत्त्वाची आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस १८८८ मध्ये फिस्क विद्यापीठाची पदवी घेऊन हार्वर्डला आले आणि तिथे पुन्हा पदवीच्या वर्गात बसले. फिस्कमध्ये त्यांच्या इंग्रजीचे कौतुक झाले होते. हार्वर्डमधला पहिला मोठा निबंध त्यांनी पोटतिडिकीने लिहिला. दक्षिणेकडच्या एका सिनेटरने कृष्णवर्णीयांवर केलेल्या हल्ल्याला ते उत्तर होते. निबंध परत आला तो अनुत्तीर्ण अशी श्रेणी घेऊन.

आत्मचरित्रात ड्यू बॉइस यांनी हा प्रसंग सांगितला आहे. आपण नकळत, विद्यार्थ्यांच्या वाईट इंग्रजीवरून हार्वर्डमध्ये वाद पेटला असताना तिथे येऊन पडलो, असे ते म्हणतात. पण ते शिक्षकांवर आगपाखड करत नाहीत. काय सांगायचे हे मला महत्त्वाचे वाटत होते, कसे सांगायचे याकडे माझे लक्ष नव्हते; मात्र सकस आशयाला चांगल्या शैलीची जोड मिळाली तर तो अधिक दूर पोहोचतो, हे मला तिथे उमगले, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. १८९० मध्ये त्यांनी बॅरेट वेंडेल यांचा पुढचा लेखनवर्ग आपणहून घेतला आणि वेंडेल यांनी त्यांच्या लेखनातला एक भाग वर्गात वाचून दाखवला.

ही साक्ष दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे. नियम म्हणजे निव्वळ जुलूम असे म्हणणाऱ्याला ती आठवण देते की, ज्याला जगाला काही सांगायचे आहे त्याला जगाची चाल शिकण्याची गरज भासते. आणि नियमाने भले होते असे म्हणणाऱ्याला ती विचारते की, त्या पहिल्या निबंधात एक तरुण आपल्या समाजाच्या मानासाठी बोलत होता, हे श्रेणी देणाऱ्याने कुठे नोंदवले होते का? ड्यू बॉइस तगले, कारण ते ड्यू बॉइस होते. अभ्यासक्रमाचे मूल्यमापन मात्र अपवादावरून करता येत नाही. त्याच श्रेणीने जे गप्प झाले असतील त्यांची आत्मचरित्रे आपल्यापुढे नाहीत.

४

१८७४ आणि १८८५ ही दोन साले मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. योगायोगाला कारण समजण्याची गरज नाही, पण हा योगायोग बोलका आहे. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. इंग्रजीच्या दडपणाखाली आलेल्या मराठी गद्याला त्यांनी डौल दिला, लेखनशुद्धीची चर्चा केली, आणि निबंध हा शब्दच आपल्या नावाशी जोडून टाकला. त्याच मालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये निघाली होती. तिच्यातील मतांचा प्रतिवाद करण्याचा चिपळूणकरांना पूर्ण हक्क होता. पण त्यांच्या उपहासाचा मोठा भाग फुल्यांच्या भाषेवर, व्याकरणावर आणि लिहिण्याच्या धाटणीवर खर्च झाला. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याचे म्हणणे मनावर घेण्याचे कारण नाही, हा त्या उपहासामागचा न उच्चारलेला सिद्धान्त.

१८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना निमंत्रण दिले. फुल्यांनी पत्राने नकार कळवला. ज्यांच्या पुस्तकांत आमच्या लोकांची दुःखे येत नाहीत, जे आम्हाला माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेत आमचा मेळ बसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हार्वर्डमध्ये 'इंग्लिश ए' सक्तीचा झाला ते हेच वर्ष. एकीकडे दारातून आत येण्यासाठी निर्दोष निबंधाची अट, दुसरीकडे दार उघडे असूनही आत न जाण्याचा निर्णय. ज्याला फुल्यांचा तो नकार समजला, त्याला अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या वर्गाभोवतीचे पुढचे शतकभराचे वाद परके वाटणार नाहीत. भाषेच्या चुकीवर बोट ठेवणे आणि बोलणाऱ्याचा अधिकार नाकारणे यांत किती अंतर आहे, हाच दोन्हीकडचा प्रश्न आहे.

५

त्या वादांतले सर्वांत मोलाचे पुस्तक १९७७ मध्ये आले. मिना शॉनेसी यांच्या त्या पुस्तकाच्या नावातच 'चुका' आणि 'अपेक्षा' हे शब्द शेजारी शेजारी आहेत : 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स'.

त्यामागची पार्श्वभूमी अशी. न्यू यॉर्कचे सिटी कॉलेज हार्लेममध्ये आहे. पण १९६० च्या दशकापर्यंत तिथले विद्यार्थी बहुसंख्येने गोरे होते. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या आवाराचा एक भाग ताब्यात घेऊन आंदोलन केले. १९७० पासून सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला. ज्यांनी शाळेत क्वचितच सलग चार परिच्छेद लिहिले होते अशी मुले हजारोंनी पहिल्या वर्षाच्या वर्गात आली. सिटी कॉलेजच्या लेखनवर्गांची जबाबदारी शॉनेसींवर होती. त्याच काळात तिथे एड्रिएन रिच, ऑड्री लॉर्ड, टोनी केड बंबारा, जून जॉर्डन अशा लेखिकाही शिकवत होत्या.

प्राध्यापकांत हाहाकार उडाला. ही मुले शिकण्याच्या लायकीची नाहीत, असे उघड म्हटले जाऊ लागले. शॉनेसींनी प्रवेशाच्या वेळी मुलांनी लिहिलेले सुमारे ४००० निबंध वाचायला घेतले. एखादा अभ्यासक जुन्या हस्तलिखितातील पाठभेद लावून बघतो, तशा त्यांनी त्या निबंधांतल्या चुका लावून पाहिल्या : हस्ताक्षर आणि विरामचिन्हे, वाक्यरचना, नेहमीच्या व्याकरणिक चुका, शुद्धलेखन, शब्दसंग्रह, आणि शेवटी वाक्यापलीकडची मांडणी. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच प्रश्न विचारला : या लेखकाला असे लिहावेसे का वाटले असेल?

उत्तरे थक्क करणारी निघाली. चुका अंदाधुंद नव्हत्या, त्यांना तर्क होता. कुणी बोलण्यातल्या व्यवस्थेप्रमाणे क्रियापदाचा प्रत्यय गाळत होता. कुणी शाळेत शिकलेला अर्धा नियम नको तिथे लावत होता. कुणाचे वाक्य मध्येच कोसळत होते, कारण विद्यापीठात शोभेल अशी भारदस्त, पोटवाक्यांची रचना करण्याचा त्याचा तो पहिलाच प्रयत्न होता. म्हणजे काही चुका वाढीची खूण होत्या. साधी वाक्ये लिहून तो मुलगा सुरक्षित राहू शकला असता. पूर्णविरामाबद्दलचे त्यांचे निरीक्षण मला फार सूक्ष्म वाटते. लिहिणे अवघड असलेल्याला वाक्य संपवणे धोक्याचे वाटते, कारण संपवले की पुन्हा नवे सुरू करावे लागते. या मुलांना बुद्धी कमी नाही, ती नवशिकी आहेत, आणि नवशिक्याला चुकतच शिकावे लागते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

समीक्षक म्हणून या पुस्तकाची थोरवी मला इथे दिसते. चांगल्या कवितेतील अनपेक्षित शब्द पाहिला की आपण तो कवीचा अडाणीपणा मानत नाही, त्यामागे हेतू शोधतो. हा विश्वास आपण प्रतिष्ठित लेखकाला देतो. शॉनेसींनी तो नाव नसलेल्या अठरा वर्षांच्या मुलामुलींना दिला. 'अपेक्षा' या शब्दाची दिशाही त्यांनी बदलली. आजवर अपेक्षा विद्यार्थ्याकडून होती. त्यांच्या शेवटच्या प्रकरणात ती शिक्षकाकडून आणि संस्थेकडूनही आहे. हार्वर्डच्या समितीने जे निबंध आरोपपत्रासारखे छापले, तशाच निबंधांचे त्यांनी वाचन केले.

पुढची हकिगत दुःखद आहे. शहराच्या आर्थिक संकटात १९७६ मध्ये सिटी युनिव्हर्सिटीने शुल्क लागू केले. शॉनेसी १९७८ मध्ये कर्करोगाने वारल्या. आणि शतक संपता संपता विद्यापीठाने आपल्या चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पूरक वर्ग काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

६

शॉनेसींच्या पुस्तकावर गंभीर आक्षेपही आले. ते टाळून कौतुक करणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. मिन-जान लू यांनी १९९१ मध्ये दाखवले की, शॉनेसी विद्यार्थ्याचा आशय जणू आधीच तयार आहे, फक्त त्याला निर्दोष भाषेचे कपडे चढवायचे आहेत, असे धरून चालतात. लू चीनमध्ये वाढल्या. घरात इंग्रजी आणि शाळेत क्रांतीची चिनी, अशा दोन भाषांत त्यांचे बालपण गेले. भाषा बदलली की आपण काय बोलू शकतो आणि काय गिळतो हेही बदलते, हे त्यांच्या अनुभवातले सत्य होते. प्रमाण भाषा शिकताना मूल काय गमावते, हा प्रश्न शॉनेसी विचारत नाहीत.

हा प्रश्न अमेरिकेत त्याआधीच ऐरणीवर आला होता. महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्यांच्या संघटनेने १९७४ मध्ये ठराव केला की, विद्यार्थ्यांना स्वतःच्या भाषेचा, ज्या बोलीत ते वाढले आणि ज्यात त्यांना स्वतःची ओळख सापडते तिचा, हक्क आहे. ठराव धीट होता. पण वर्गात सोमवारी सकाळी काय करायचे, याचे उत्तर त्यात पुरेसे नव्हते. सिलॅबसमध्ये बोलीचा सन्मान आणि श्रेणीच्या तक्त्यात प्रमाण भाषेची सक्ती, असे दुहेरी चित्र अनेक ठिकाणी राहिले.

डेव्हिड बार्थोलोमे यांचा १९८५ चा निबंध न सांगितलेल्या अपेक्षेच्या सर्वांत जवळ जातो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दर वेळी लिहायला बसतो तेव्हा त्याला विद्यापीठ नव्याने कल्पावे लागते, तिथल्या माणसांसारखे बोलण्याची नक्कल करावी लागते, तीही त्यांच्यातला एक होण्याच्या आधीच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मातीचा पृथ्वीगोल बनवण्याच्या अनुभवावर लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या निबंधाचे विश्लेषण ते करतात. तो मुलगा शास्त्रज्ञाचा आव आणतो आणि मध्येच अडखळतो. बार्थोलोमे त्या अडखळण्यात ढोंग पाहत नाहीत. अधिकारवाणी अंगावर चढवून पाहण्याचा तो प्रयत्न आहे, असे ते मानतात. आपल्याकडे पहिल्यांदाच व्यासपीठावर उभा राहिलेला कार्यकर्ता 'सन्माननीय' आणि 'याप्रसंगी' या शब्दांचा मारा करतो, तेव्हा हेच घडत असते.

अलीकडच्या काळात उपाय म्हणून नियमांचाच आधार घेतला गेला, हे विशेष. आसाओ इनोउए यांनी पुरस्कारलेल्या 'श्रमाधारित करारा'त विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला शिक्षकाशी करार करतो : ठरलेले वाचन, खर्डे, अभिप्राय आणि सुधारणा पूर्ण केल्या की ठरलेली श्रेणी मिळणार, भाषेच्या तथाकथित दर्जावरून ती ठरणार नाही. त्यांचे याविषयीचे पुस्तक २०१९ मध्ये आले. प्रमाण इंग्रजीच्या मापाने मोजणे म्हणजे गोऱ्या मध्यमवर्गाच्या सवयींना बक्षीस देणे, हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण एलन कॅरिलो यांनी २०२१ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेपही तितकाच खरा आहे. श्रम तरी सर्वांचे सारखे कसे मोजणार? आजारी, अपंग, किंवा रात्रपाळी करून वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याचा एक तास दुसऱ्याच्या तासाएवढा नसतो. माझ्या मते करारातही जुनाच मोह उरतो. दर्जा सांगता येत नाही म्हणून मोजता येईल असे काहीतरी शोधायचे. आधी चूक मोजली, आता तास मोजले.

७

सिलॅबसमधला सर्वांत कठोर परिच्छेद वाङ्मयचौर्याचा असतो. इथेही नियम आणि अपेक्षा यांत फट आहे. रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, नवखा लेखक अनेकदा मूळ वाक्यातले काही शब्द बदलून, काही ठेवून ठिगळांचे लेखन करतो. अवघड मजकूर समजून घेण्याची ती एक पायरी असते. नियमाच्या भाषेत मात्र ही पायरी चोरी ठरते. मराठी शाळेत सुभाषितांनी सजवलेला निबंध पाठ करून वाहवा मिळवलेला मुलगा तिकडच्या वर्गात जातो, तेव्हा तो एका प्रामाणिकपणाच्या कल्पनेतून दुसऱ्या कल्पनेत जात असतो. कोणी ते त्याला सांगत नाही. त्याला फक्त शिक्षा कळवली जाते.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि हा परिच्छेद लांबत गेला. कुठे पूर्ण बंदी, कुठे कबुली दिल्यास परवानगी. यंत्राने लिहिलेले ओळखणारी यंत्रेही आली. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा ७ यंत्रणा तपासल्या. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी 'टोफेल' परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या यंत्रणांनी यंत्रलिखित ठरवले. साधे शब्द आणि ठरावीक रचना हा त्या निबंधांचा गुन्हा होता. परकी भाषा काळजीपूर्वक, चूक होऊ नये म्हणून जपून लिहिणारे आपलेच विद्यार्थी यात सापडू शकतात. दीडशे वर्षे ज्या निर्दोषपणाची मागणी केली, तोच आता संशयाचे कारण ठरू लागला आहे.

यात एक संधीही आहे. निर्दोष वाक्य आता फुकट मिळते. मग वर्गात मूल्य कशाचे उरते? खर्ड्यातून खर्ड्यात बदललेल्या मताचे, वाचलेल्या पानाशी घेतलेल्या झटापटीचे, आणि हे मी का लिहितो आहे या प्रश्नाच्या उत्तराचे. हे सगळे शिकवता येते, पण त्यासाठी विद्यार्थ्याचे लेखन कोणीतरी मनापासून वाचावे लागते. वर उल्लेखलेल्या संघटनेने लेखनवर्गात २० हून अधिक विद्यार्थी नसावेत, १५ असतील तर उत्तम, अशी शिफारस केली आहे. सिलॅबसमधल्या सगळ्या धोरणांपेक्षा हा आकडा मला अधिक प्रामाणिक वाटतो. अपेक्षा ठेवायची असेल तर वाचायला वेळ हवा, ही कबुली त्यात आहे.

८

आपल्याकडच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभराच्या पुढे विद्यार्थी असणे नवलाचे नाही. तिथे निबंध हा परीक्षेतील एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मार्गदर्शकात छापलेले असते. अंतर्गत मूल्यमापनाची असाइनमेंट आखीव कागदावर लिहून जमा होते. ती अभिप्रायासह परत आली, पुन्हा लिहिली आणि पुन्हा वाचली गेली, असे क्वचितच घडते. अमेरिकेतली फट नियम आणि अपेक्षा यांच्यातली आहे. आपल्याकडे नियम परीक्षेचे आहेत आणि लेखनाबाबत अपेक्षाच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भाषांचे 'क्षमता-संवर्धन' अभ्यासक्रम आले आहेत. तेही अर्जाचे नमुने आणि वृत्तान्ताचे साचे यांतच अडकले, तर नाव बदलण्यापलीकडे काही होणार नाही.

अमेरिकेचा वर्ग जसाच्या तसा आणावा असे मी सुचवत नाही. त्याच्या अपयशाचा इतिहास वर सांगितलाच आहे. शॉनेसींची वाचनपद्धती मात्र आणता येईल. ग्रामीण महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या काही शे मराठी उत्तरपत्रिका घेऊन कोणी बसले तर काय दिसेल? 'पानी' आणि 'आनि' लिहिणारा हात आपल्या बोलीशी इमान राखतो आहे, हे दिसेल. त्यावरून हसू झालेला दुसरा हात धास्तीने नको तिथे 'ण' काढतो आहे, हेही कदाचित दिसेल. 'सांगितले'मधली वेलांटी दीर्घ लिहिणाऱ्याच्या मनात 'संगीत' हा शब्द असू शकेल. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ एका जातीचा किंवा जिल्ह्याचा नाही, कारण बोलताना हा भेद आपण बहुतेक सारेच नीट पाळत नाही, हे ध्यानात येईल. 'केलं' आणि 'केले' एकाच परिच्छेदात आलेले दिसतील, तेव्हा बोलणारा मुलगा कुठे थांबतो आणि परीक्षा देणारा मुलगा कुठे सुरू होतो, त्या जागेवर बोट ठेवता येईल. आणि चुकांच्या पलीकडे गेले, तर दुष्काळ, भरती, लग्न, मोबाइल, एसटी यांविषयी या मुलांना काय म्हणायचे आहे तेही समजेल.

चिपळूणकरांनी फुल्यांच्या वाक्यांत फक्त चुका वाचल्या. मराठीच्या थोर गद्यकाराला जे जमले नाही, ते आजच्या एखाद्या तरुण अध्यापकाला जमू शकेल. त्यासाठी लागणारी सामग्री दर वर्षी प्रत्येक महाविद्यालयात गठ्ठ्यांनी जमा होते, आणि ठरलेली मुदत संपली की नष्ट केली जाते.